चाकरमान्यांची मुंबई

मुंबईविषयी मराठी माणूस बोलू लागला की त्याच्या बोलण्यात दोन सूर हटकून लागतात. एक अभिमानाचा आणि दुसरा हळहळीचा. अभिमानाचा सूर आता जरा बसला आहे. हळहळीचा मात्र वर्षागणिक चढत चालला आहे. गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, भजनी मंडळे गेली, शेजार गेला, आपली माणसे पार बदलापूरच्या पलीकडे गेली, असे म्हणत तो उसासा सोडतो. या उसाशातले दुःख खोटे आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु गेली काही वर्षे हाच उसासा कथा-कादंबऱ्यांतून, नाटकांतून आणि आठवणींच्या पुस्तकांतून सारखा ऐकू येऊ लागला आहे; आणि तो ऐकू आला की वाचकाचे डोळे भरतात व पुस्तकाची पारख तिथेच थांबते. डोळे भरून आणणे हे साहित्याचे एक काम आहे खरे, पण तेवढेच काम नाही. ज्या शहरासाठी आपण रडतो ते शहर होते तरी कसे, ते वसवले कोणी, आणि आपल्या चांगल्या ग्रंथकारांनी ते कोणत्या नजरेने पाहिले, हे एकदा नीट तपासावे म्हणून हा लेख.

सुरुवात जुन्यापासूनच करू. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली प्रसिद्ध झाले. माडगावकर पेशाने शिक्षक. शिक्षकाला जी सवय असते, वर्गातले एकही मूल नजरेतून सुटू न देण्याची, ती या पुस्तकात पानोपानी दिसते. किल्ला, बंदर, बाजार, देवळे, मशिदी, शाळा, सणवार, आणि नाना धर्मांचे व नाना जातींचे लोक, सारे काही त्यांनी मांडले आहे. त्या वेळी अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस विलायतेला पोहोचेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. पहिली कापड गिरणी काढण्याचा उद्योग कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये आरंभला, ती ताडदेवला दोन वर्षांनी चालू झाली. पुढे १८७५ मध्ये ससून गोदी, १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी, त्यामागून व्हिक्टोरिया गोदी आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा गोदी बांधून झाली. माडगावकरांना यातले थोडेच पाहायला मिळाले. पण या शहराचा एक स्वभाव त्यांच्या पुस्तकात पुरता उतरला आहे : इथे जो तो कुठून तरी आलेला आहे, आणि कशासाठी तरी आलेला आहे.

हा स्वभाव पुढच्या शिरगणत्यांनी आकड्यांत सांगितला. १९२१ साली मुंबईतल्या दर शंभर माणसांपैकी चौऱ्याऐंशी माणसे शहराबाहेर जन्मलेली होती. शहराचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मला होता. दर हजार पुरुषांमागे बायका होत्या सव्वापाचशेच्या आसपास. हे तीन आकडे एकापुढे एक ठेवले म्हणजे त्या काळच्या मुंबईचे चित्र स्वच्छ दिसते. बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरलेला किंवा घाटावरून चालत, गाडीने आलेला तरुण गडी. एका खोलीत दहा-पंधरा जणांचे बिऱ्हाड. कोणाची दिवसपाळी, कोणाची रातपाळी, म्हणून एकच पथारी दोघांना पुरलेली. जेवण कुठल्या तरी खानावळवाल्या बाईकडे. आणि महिन्याच्या महिन्याला गावी मनिऑर्डर. असला गडी मुंबईचा म्हणायचा की गावचा?

कोकणाने या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देऊन ठेवले आहे : चाकरमानी. मला हा शब्द फार अर्थपूर्ण वाटतो. त्यात जात नाही, जन्मगाव नाही, भाषादेखील नाही. चाकरी करतो आणि त्या चाकरीला मान आहे, एवढेच त्यात सांगितले आहे. गावात तो 'मुंबैकर', मुंबईत तो 'गाववाला', आणि दोन्हीकडे त्याची खरी ओळख त्याच्या कामाची. गिरणगावातली माणसेसुद्धा एकमेकांना अशीच ओळखत. हा साचेखात्यातला, तो कांडीखात्यातला, पलीकडचा गोदीतला, खालच्या मजल्यावरचा ट्रामवाला. मुंबईकर होण्यासाठी मुंबईत जन्मावे लागत नसे. सकाळच्या भोंग्याला उठावे लागे. माझ्या मते मुंबईवरच्या आपल्या साऱ्या चांगल्या वाङ्मयाचा पाया हा आहे. आणि अलीकडच्या पुष्कळशा वाङ्मयाला विसर पडला आहे तोही याचाच.

अण्णाभाऊ साठे यांच्या उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. वाटेगावहून आपल्या माणसांबरोबर पायी चालत मुंबईला आलेला हा मुलगा इथे मिळेल ते काम करीत वाढला, गिरणीतही राबला. पठ्ठे बापूरावांनी मुंबईवर लावणी रचली होती, तिच्यात शहराच्या वैभवाचे कौतुक होते. अण्णाभाऊंनीही मुंबईची लावणी लिहिली, आणि मलबार हिलवरचे वैभव व खालच्या वस्त्यांतले दारिद्र्य एकमेकांच्या शेजारी आणून ठेवले. शहर तेच, पाहणारा कुठे उभा आहे, एवढ्याने सारे चित्र बदलले. पण मला त्याहूनही मोलाची वाटते ती त्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ती हजारोंच्या सभांनी डोक्यावर घेतली. तिच्यात गावी राहिलेल्या मैनेचा विरह हळूहळू महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या बेळगाव-कारवारच्या विरहाकडे वळतो. ही कल्पना लोकांच्या काळजाला एवढी का भिडली? हजार पुरुषांमागे सव्वापाचशे बायका हा जो आकडा वर दिला, तो ज्यांनी अंगावर सोसला होता तेच लोक समोर बसले होते म्हणून! प्रत्येकाची मैना खरोखरच गावावर होती. राजकीय मागणीला अण्णाभाऊंनी उसना अलंकार चढवला नाही. शिरगणतीच्या तक्त्यात दडलेले दुःख त्यांनी उघड केले. ती रचना प्रचाराची असूनही टिकली, ती यामुळे.

मात्र या कामाच्या ओळखीला सोन्याचा मुलामा देण्याचेही कारण नाही. मामा वरेरकरांनी 'धावता धोटा' लिहून गिरणी कामगारांना मराठी कादंबरीत आणले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण धोटा धावत होता त्या साचेखात्यात, जिथे मजुरी जास्त मिळे तिथे, अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. सूत संपले की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून धोट्यातून बाहेर काढावा लागे, आणि तो उष्टा धागा इतरांना चालत नसे, हे त्यामागचे कारण. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला. म्हणजे गिरणीने माणसांना एका छपराखाली आणले हे खरे, पण छपराखाली आणल्यावरही खाती वेगळीच ठेवली. त्याच गिरण्यांत उत्तर हिंदुस्थानातून आलेले मुसलमान विणकर होते, त्यांची वस्ती मदनपुऱ्यात. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर होते. आज ज्यांना आपण 'बाहेरचे' म्हणतो त्यांच्यापैकी कित्येकांच्या पणज्यांनी आपल्या पणज्यांच्या शेजारच्या साच्यावर काम केलेले आहे. ही गोष्ट आपल्या आठवणींच्या पुस्तकांतून फार क्वचित डोकावते. तिथले गिरणगाव बहुधा कोकण आणि घाट एवढ्यातच संपते.

नारायण सुर्वे यांच्या कवितेत ते तेवढ्यात संपत नाही, आणि म्हणूनच त्यांची कविता मी या साऱ्या वाङ्मयाच्या मध्यभागी ठेवतो. सुर्व्यांची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. मुंबईच्या रस्त्यावर टाकून दिलेले एक तान्हे मूल गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराला सापडते, तो ते घरी नेतो, काशीबाई त्याला वाढवते, आणि ते मूल सुर्वे होते. जन्मदाते कोण, जात कोणती, गाव कोणते, काही माहीत नाही. मराठी कवींमध्ये मुंबईचा अस्सल पुत्र म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवावे तो हा. आणि त्याच्याजवळ जन्माचा कसलाही दाखला नाही! आडनाव त्याला एका मजुराच्या मायेने दिले. पुढे तो गिरणीत राबला, मुंबई महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई आणि मग शिक्षक झाला. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ साली आणि 'माझे विद्यापीठ' १९६६ साली आले. त्या कवितांतली मुंबई याकूब नालबंदवाल्यासारख्या माणसांची आहे. तिथे कार्ल मार्क्ससुद्धा पुस्तकातून न भेटता संपाच्या गर्दीत भेटतो. सुर्वे माणसाला 'तू कुठला' असे विचारीत नाहीत. 'तू काय करतोस' असे विचारतात. त्यांची सारी कविता एकाच उंचीची नाही. काही ठिकाणी भाषणाचा सूर कवितेवर चढतो, आणि पुढे पुढे तर तो वाढला असे म्हणावे लागते. पण ही एक दृष्टी त्यांनी कधी सोडली नाही.

आता याच्या शेजारी दुसरी दोन पुस्तके ठेवून पाहू. पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ सालची. नामदेव ढसाळांचे 'गोलपिठा' १९७२ सालचे. एक पुस्तक घराघरांत मोठ्याने वाचले गेले. दुसरे अनेक घरांत लपवून वाचले गेले. चाळीत सोकाजी त्रिलोकेकर, एच्. मंगेशराव, अण्णा पावशे, बाबा बर्वे ही मंडळी नांदतात. आपण हसताना लक्षात घेत नाही, पण प्रत्येकाची बोली निराळी, खाणे निराळे, देव निराळा, पु. लं. चा विनोद पुष्कळदा या निराळेपणावर जगतो. म्हणजे ज्या चाळीला आपण आज 'आपली एकजिनसी मराठी चाळ' म्हणून हळहळतो, ती मुळात एकजिनसी नव्हतीच. शेवटच्या 'चिंतना'त चाळ जाणार याची जी हुरहूर आहे तिला मराठीत तोड नाही. पण ती हुरहूर चारशे पाने हसवून झाल्यावर येत असती तरी चालली असती, इतका त्या आधीच्या हसण्याचा तिला आधार आहे, हे पुढच्या अनुकरणकारांनी पाहिले नाही. त्यांनी हसणे वगळले आणि हुरहूर तेवढी उचलली.

आणि त्याच शहरात, फार तर मैल-दोन मैलांवर, ढसाळांचा गोलपिठा होता. त्या संग्रहाला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली, तेव्हा त्यांच्यासारख्या मुंबईत मुरलेल्या लेखकाला त्यातल्या कित्येक शब्दांचे अर्थ कवीकडून समजून घ्यावे लागले. हा प्रसंग मला आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातला एक मोठा धडा वाटतो. शब्द मराठी मुलखातले, कवी मराठी, शहर एकच. आणि तरी एका मराठी वाचकाला दुसऱ्या मराठी माणसाची मुंबई परभाषेसारखी! जयवंत दळवींनी 'चक्र'मध्ये, मधु मंगेश कर्णिकांनी 'माहीमची खाडी'मध्ये आणि बाबुराव बागुलांनी 'मरण स्वस्त होत आहे' या संग्रहात झोपडपट्टी आणली. भाऊ पाध्यांनी 'वासूनाका'त नाक्यावरची पोरे त्यांच्या बोलीसकट आणली आणि भल्याभल्यांना घाम फोडला. ही सारी पुस्तके १९६० ते १९७५ या पंधरा वर्षांतली. या काळात आपल्या लेखकांनी शहराच्या ज्या ज्या कोपऱ्यात मान घातली, तिथून ते वाचकाला न आवडणारी, पण खरी बातमी घेऊन आले. 'आपली मुंबई' असे कुरवाळणे त्यांच्या मनातही आले नाही.

एका बाबतीत मात्र आपले सारे वाङ्मय मला अपुरे वाटते. मुंबई ही आधी बंदर आणि मग गिरणी. पण गिरणीच्या वाट्याला जेवढी पाने आली त्याच्या दशांशानेही गोदीच्या वाट्याला आली नाहीत. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या बोटीचा स्फोट झाला. बोटीत कापूस होता, दारूगोळा होता, आणि सोन्याच्या विटाही होत्या. आग विझवायला गेलेले अग्निशामक दलाचे ६६ जवान त्यात मरण पावले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर पाळला जातो. असल्या एका प्रसंगावर एखाद्या दर्यावर्दी भाषेत तीन कादंबऱ्या झाल्या असत्या. आपण मात्र समुद्राकडे फिरायला जातो, त्याच्यावर कविता करतो आणि त्याच्या काठावर पोती वाहणाऱ्याकडे पाठ करतो. पुढे १९८९ मध्ये न्हावा-शेवाचे नवे बंदर सुरू झाले, माल मोठमोठ्या लोखंडी पेट्यांतून येऊ-जाऊ लागला, आणि जुन्या गोद्यांतली हमालांची, टॅलीक्लार्कांची, मुकादमांची दुनिया गिरणीसारखीच विरत गेली. फरक इतकाच की गिरणीसाठी रडायला निदान कवी होते.

गिरण्यांचा अंत कसा झाला तो इतिहास ताजा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. तो नुसता विरला, आणि त्याच्याबरोबर घरेही विरली. गिरण्यांची जमीन उरली, सहाशे एकरांच्या आसपास, शहराच्या ऐन पोटात. १९९१ च्या नियमांनी ठरवले की जमीन विकसित करायची तर तिचे तीन वाटे पडावेत. एक मोकळ्या जागेसाठी, एक सामान्यांच्या घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरती राहिली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. एका ओळीच्या दुरुस्तीने मैदाने आणि घरे कागदावरून पुसली गेली. जिथे साचे होते तिथे दुकानांचे महाल आणि काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या.

या पडझडीवर लिहिलेले सर्वांत समर्थ नाटक म्हणजे जयंत पवारांचे 'अधांतर'. ते १९९७ मध्ये रंगभूमीवर आले. गिरणगावातल्या चाळीतले धुरी कुटुंब. बाप गेलेला, आई घर सावरणारी, लेखक होऊ पाहणारा बाबा, टोळीच्या वाटेला लागलेला नरू, मोहन, मंजू, आणि अजून गिरणीला धरून असलेला राणे. पवारांना रडवणे अगदी सोपे होते. ते त्यांनी कटाक्षाने टाळले. घर कोसळते ते नुसते मालकाच्या वा सरकारच्या अन्यायाने नव्हे. घरातल्या माणसांचा आपसातला अबोला, मत्सर, आळस, खोटा डौल हेही त्याला हातभार लावतात. गिरणी गेल्यामुळे पैसा गेला हे तर झालेच, पण त्याहून भयंकर म्हणजे 'मी कोण' या प्रश्नाचे उत्तर गेले. बापाला विचारले असते तर त्याने खात्याचे नाव सांगितले असते. मुलांना सांगायला काही नाही. म्हणून एक जण शब्दांत, एक जण क्रिकेटच्या गप्पांत आणि एक जण हत्यारात आपली ओळख शोधतो. पुढे 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या कथासंग्रहात पवारांनी हाच प्रश्न अधिक तिरकसपणे धरला. त्या संग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये पवार गेले, आणि गिरणगावाचा हिशेब कोरड्या डोळ्यांनी मांडणारा लेखक आपण गमावला.

'अधांतर'ने जे दाखवले त्याच्याच प्रकाशात आजचे वाङ्मय वाचले पाहिजे. कामाची ओळख गेली की माणूस जन्माच्या ओळखीकडे वळतो. हातात धोटा नसला की हातात दाखला घ्यावासा वाटतो. 'आम्ही इथले' हे शब्द गिरण्या भरात होत्या तेव्हाही उच्चारले गेले, राजकारणात तर १९६६ पासून मोठ्याने उच्चारले गेले. पण गिरण्या बंद पडल्यावर त्यांना जी धार आली ती निराळी होती. राजकारण्यांनी या भावनेचे काय करावे हा त्यांचा प्रश्न. ग्रंथकाराने मात्र तिला शरण जाऊ नये. जो लेखक गेलेल्या चाळीचे चित्र रंगवताना त्यातून मदनपुऱ्याचा विणकर पुसून टाकतो, साचेखात्याच्या दारातला जातिभेद पुसून टाकतो, पहाटे तीन वाजता उठून चाळीस जणांच्या भाकऱ्या थापणाऱ्या खानावळवालीचे कष्ट 'काय ती चव!' एवढ्यात गुंडाळतो, तो आठवण लिहीत नाही. तो देखावा उभा करतो. त्या खानावळवाल्या बायकांनी १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांच्याबरोबर अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले, सावकाराच्या पाशातून मान सोडवली. केवढी मोठी कादंबरी आहे ती! पण आम्हाला त्यांच्या हातचे कालवण तेवढे आठवते.

यावर कोणी म्हणेल, 'मास्तर, हे सारे ठीक आहे. पण मराठी माणूस मुंबईतून कमी होतो आहे, हे तरी खोटे आहे का?' खोटे नाही. २००१ आणि २०११ या शिरगणत्यांमध्ये बृहन्मुंबईत मराठी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे ४५ लाखांवरून ४४ लाखांवर उतरली. हिंदी सांगणाऱ्यांची सुमारे २६ लाखांवरून ३६ लाखांवर गेली. पण त्याच शिरगणत्या आणखीही एक गोष्ट सांगतात. कुलाबा ते माहीम-शीव या मूळ शहराची सगळी वस्तीच ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली. आणि ठाणे जिल्हा, पालघर तेव्हा त्यातच होता, १ कोटी १० लाखांवर पोहोचून देशातला सर्वांत दाट वस्तीचा नव्हे, पण सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा ठरला. मराठी माणूस नाहीसा झालेला नाही. तो डोंबिवलीला आहे, विरारला आहे, दिव्याला आहे, बदलापूरला आहे. रोज पहाटे तो गाडीच्या दांडीला लोंबकळत त्याच शहरात कामाला येतो ज्या शहरात त्याचे आजोबा कामाच्या जागेपासून दहा मिनिटांवर राहत होते. नुकसान झाले ते हे, आणि ते मोठे आहे. परंतु त्याचे गाऱ्हाणे शेजारच्या दांडीला लोंबकळणाऱ्या बलियाच्या माणसापाशी मांडून काय उपयोग? तोही चाकरमानीच. त्याचीही मैना गावावर आहे.

आम्ही शिक्षक दरवर्षी मुलांना 'माझे गाव' हा निबंध घालतो. एके वर्षी माझ्या वर्गातल्या एका मराठी मुलाने आपल्या कोकणातल्या गावावर लिहिले; नदी, देऊळ, आंब्याची झाडे, सारे शिस्तीत. तो तिथे गणपतीचे पाच दिवस जातो. त्याच्या बाकावरचा मुलगा उत्तर प्रदेशातून आलेल्या रिक्षावाल्याचा. त्याने लिहिले, 'माझे गाव दिवा.' पुढे फाटकापाशी होणारी गर्दी, नळाला रात्री येणारे पाणी, आईची भाजीची टोपली, स्टेशनातली घोषणा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर होत्या. पण गुण द्यायला पेन उचलले तेव्हा मला जाणवले की पहिल्या निबंधातले गाव पाठ्यपुस्तकातून आले होते आणि दुसऱ्यातले डोळ्यांतून. आणि ते मराठीत लिहिले गेले होते.

आजच्या मराठी कादंबरीकडे माझे मागणे एवढेच आहे. परळच्या स्टेशनावर ती पुष्कळ वर्षे उतरून राहिली. आता तिने गाडी न सोडता पुढे जावे. मॉलच्या दाराशी बारा तास उभा राहणारा पहारेकरी, घरोघर जेवणाचे डबे पोहोचवणारा मोटारसायकलवाला, नालासोपाऱ्याहून पहिल्या गाडीने येऊन चार घरची धुणीभांडी करणारी बाई, टॅक्सीच्या टपावर गावाकडची पथारी बांधून ठेवणारा भैया, यांच्या आयुष्यात शिरून त्यांची ओळख मराठीत लिहावी. हे मराठीचे काम नव्हे, असे कोणी म्हणू नये. अण्णाभाऊ, सुर्वे, ढसाळ, पवार या चौघांनी ज्यांच्याविषयी लिहिले त्यांनाही एके काळी मराठी साहित्यात दार बंदच होते. ज्या भाषेत शहरातल्या सर्व कष्टकऱ्यांची सुखदुःखे सांगितली जातात, ती भाषा त्या शहरातून कोणी हुसकू शकत नाही. आणि जी भाषा फक्त आपल्या गेलेल्या घराविषयी बोलते, तिला पाटीवर कितीही मोठ्या अक्षरांत रंगवले तरी ती पाटीवरच राहते.

या दिवाळीत फराळाच्या ताटाजवळ 'बटाट्याची चाळ' पुन्हा एकदा मोठ्याने वाचली जाईल, जावीच. मुलांना हसू दे. पण नंतर एखाद्या निवांत दुपारी त्याच घरात 'माझे विद्यापीठ' आणि 'अधांतर'ही कपाटातून खाली काढावेत. आणि वाचून झाल्यावर, आपल्या घरातला पहिला चाकरमानी कोण, तो कोणत्या साली, कोणत्या वाटेने आणि कोणाच्या खोलीवर येऊन उतरला होता, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे. बहुतेक घरांत असा एक माणूस निघेलच. त्याला ज्याने पथारीपुरती जागा दिली होती, त्याचे नावही विचारायला विसरू नये.